ह्यांनी पाहिलेला महाल

स्पेनला जायच्या आधी महिनाभर आम्ही नवराबायको तुकूम भागातल्या आमच्या घरी जिन्यावर सराव करत होतो. मी ह्यांचा कोपर धरायची. एकदा दाबला की पायरी वर, दोनदा दाबला की खाली, आणि घट्ट धरून ठेवला की जागच्या जागी थांबायचं. शेजारच्या बाईंनी एकदा गच्चीवरून आमची ही कवायत पाहिली आणि विचारलं, "काऊन बाई, भाऊच्या गुडघ्याले काही झालं का?" मी म्हटलं, "हाव ना, सांधे धरले." जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं आणि म्हातारपणी स्वतःच थापा मारायला लागले.

ह्यांच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही. ह्यांना काचबिंदू आहे. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात फिटर होते, निवृत्त झाले, आणि पुढच्या वर्षी डोळ्यांसमोर धूसर यायला लागलं. तेव्हा आमच्या भागात सगळे म्हणतात तेच आम्हीही म्हटलं. मोतीबिंदू असेल, पिकू द्या, पिकला की काढू. इकडे मोतीबिंदू आंब्यासारखा अढी लावून पिकवतात. आम्ही तो पिकायची वाट पाहत बसलो आणि निघाला काचबिंदू. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती दिवस टिकते ते पाहू. एक डोळा तेव्हाच गेलेला होता. दुसऱ्याला मधोमध थोडंसं दिसायचं, दाराच्या फटीतून दिसावं तेवढं. कडेचं सगळं गेलं होतं.

आम्हाला एकच मुलगी. ती स्पेनमध्ये ग्रानादा नावाच्या शहरात असते. तिथं जैतुणाची, म्हणजे ऑलिव्हची, झाडं फार, त्या झाडांवर पडणाऱ्या रोगावर ती संशोधन करते. त्या उन्हाळ्यात तिची नोकरी कायम होणार होती. ह्यांनी मला बजावून ठेवलं होतं, "तिले समजलं तं ती बॅग भरून इथी येऊन बसन. मास्तरीण, तोंड उघडशीन तं माही शपथ आहे तुले." आम्ही गोंडपिपरीकडचे मुसलमान. सणावारापुरती उर्दू, बाकी घरात झाडीचीच बोली. मी शाळेत मराठी शिकवत असल्यानं हे मला चिडवायला मास्तरीण म्हणतात, पण त्या दिवशी त्यात चिडवणं नव्हतं.

ह्यांची भीती उगाच नव्हती. पोरगी पुण्यात शिकत होती तेव्हा मला डेंग्यू झाला आणि ती परीक्षा सोडून धावत आली. मी दहा दिवसांत चालतीफिरती झाले, तिचं वर्ष मात्र गेलं. ते ह्यांच्या मनाला लागून राहिलं. आपल्यापायी पोरीचं पुन्हा काही जायला नको, एवढा एकच घोर त्यांनी घेतला होता. स्वतःच्या डोळ्यांचं ते मुकाट्यानं सोसत होते, पण ही गोष्ट निघाली की जेवण अर्धं टाकून उठायचे.

मग जायचंच कशाला, असं कुणीही विचारेल. तिनं तिकिटं काढली होती, आणि नाही म्हटलं असतं तर तिला संशय आला असता. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं असं की ह्यांना तिला एकदा डोळे भरून पाहायचं होतं. नातेवाईक म्हणत होते की भाग्यवान आहात, तिथं आपल्या लोकांनी बांधलेला एवढा मोठा महाल आहे, बघून या. हे हसून मान हलवायचे. त्यांना महालाशी काही घेणं नव्हतं.

पण तो महाल पाहणं टळणार नव्हतं, म्हणून त्याचीही तयारी केली. रोज दुपारी मोबाईलवर त्या महालाचे, अलहंब्राचे, व्हिडिओ लावायचे आणि मी बघून सांगायची. लांब हौद आहे, त्याच्या दोन्ही कडांना हिरवं कुंपण आहे. मग एक चौक आहे, त्यात कारंजं, कारंज्याखाली दगडाचे बारा सिंह. हे ऐकून ऐकून पाठ करत होते. मी त्यांची परीक्षाही घ्यायची. बोर्डाच्या पोरांनी इतका अभ्यास केला असता तर आमच्या शाळेचा निकाल कुठल्या कुठं गेला असता.

मुलगी आम्हाला विमानतळावर घ्यायला आली. ह्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, अगदी जवळ नेला आणि बराच वेळ पाहत राहिले. लोक बाजूनं जात होते. तिला वाटलं असेल की बापाला भरून आलं, आणि ते खरंच होतं. मी मात्र त्यांच्या मागे उभी राहून देवाला म्हणत होते की एवढं तरी नीट दिसू दे.

तिसऱ्या दिवशी महाल. मी ह्यांच्या उजव्या बाजूला, मुलगी पुढे. आणि मुलगी बोलायची थांबेना. अब्बा, इथी डाव्या हाताले निळ्याहिरव्या फरशा आहेत, कमरेइतक्या उंच. वरती पांढरी नक्षी, मधमाशीच्या पोळ्यासारखी लटकलेली. समोर तीन कमानी, मधली मोठी. सारखी बडबड. लहानपणी ही पोरगी विचारल्याशिवाय बोलायची नाही. मला वाटलं, परदेशात एकटी राहते, बोलायला कुणी नाही, म्हणून साचलेलं बाहेर पडतंय. थोडा रागही आला, कारण तिच्या बोलण्यात माझं पायऱ्यांवरचं लक्ष उडत होतं.

त्या महालाच्या फरशीबद्दल मी कुणालाही काहीही सांगू शकेन. कुठं उंबरा आहे, कुठं संगमरवरात बोटभर खोल पाण्याचा पाट खोदलाय, कुठं दगड झिजून गुळगुळीत झालाय. छताबद्दल मला विचारू नका. जगभरातले लोक माना वर करून पाहत होते आणि मी खाली मान घालून चालले होते. मला त्या महालाचा रागच आला. एवढं कोरून ठेवलंय आणि ज्याला दाखवायचं त्याला दिसत नाही, जिला दिसतं तिला बघायची सवड नाही.

लांब हौदाच्या चौकात आलो आणि ह्यांनी घात केला. गर्दीचा आवाज, पाण्याचा गारवा, त्यांना वाटलं की आलं ते कारंजं. मोठ्यानं म्हणाले, "वा. काय सिंह आहेत. बाराच्या बारा, एकेक वेगळा." समोर नुसतं संथ पाणी. मी कोपर इतका जोरात दाबला की ते कळवळले. मुलगी मागे वळली आणि म्हणाली, "हाव अब्बा, बारा. चला, अजून जवळून दाखवतो." आणि पुढच्या चौकात नेऊन सिंहांसमोर उभं केलं. मला वाटलं, तिचं लक्ष नव्हतं. सुटलो बाई, म्हणून मी ओढणीनं घाम पुसला.

तिथंच पुढे एका दालनात ह्यांनी हात लांब करून भिंतीला लावला. त्या भिंतींवर नक्षीत गुंफलेली अरबी अक्षरं आहेत. लहानपणी मौलवींकडे कुराण वाचायला शिकले होते, त्यामुळे अक्षरं ओळखीची. बोटं हळूहळू फिरवत होते आणि एकदम थांबून म्हणाले, "अल्ला लिवलं आहे इथी." त्यांचा चेहरा उजळला. त्या सबंध दिवसात त्यांनी स्वतः पाहिलेली ती एकच गोष्ट. तेवढ्यात पहारेकरी बाई धावत आली आणि हात काढा म्हणून दरडावू लागली. ह्यांनी हात काढला, पण ती नेमकी कुठल्या बाजूला उभी आहे ते कळेना, म्हणून माफी मागायला दुसरीकडेच तोंड करून हात जोडले. मुलगी मध्ये पडली, त्या बाईशी खालच्या आवाजात काहीतरी बोलली, आणि बाई निघून गेली.

"आपल्या बल्लारशाच्या किल्ल्यात तं लोकं बकऱ्या चारते," हे म्हणाले. "इथी भिताडाले हात लावू देत नाई." मुलगी हसली. मीही हसले, पण त्या जोडलेल्या हातांचं दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

संध्याकाळी मिरवणूक पाहायला जायचं होतं. ईस्टरच्या आधीचा आठवडा होता, त्या दिवसांत तिथं येशूच्या आणि मेरीच्या मूर्ती गावातून फिरवतात. मी नको म्हणत होते. दिवस मावळताना ह्यांना सगळ्यात कमी दिसतं, त्यात गर्दी. पण हेच म्हणाले की जाऊ, पोरीला वाईट वाटेल. आम्ही एका चढाच्या रस्त्यावर, संत्र्याच्या झाडांखाली उभे राहिलो. झाडांना फुलं आली होती आणि सगळा रस्ता घमघमत होता. आमच्या पुढे घडीच्या खुर्च्यांवर म्हाताऱ्या माणसांची रांग बसली होती.

आधी नगारे ऐकू आले. संथ, एकसारखे, छातीत धडकणारे. ह्यांची मान वर झाली. मग धूप आला. हे कुजबुजले, "लोबान जाळून राह्यले. आपली सवारी आहे का वं ही?"

त्यांच्या गावाला मोहरमची सवारी निघते. काठीवरचा पितळी पंजा घेतलेला माणूस अनवाणी गावभर फिरतो, मागे ताशे, आणि प्रत्येक घरातून कळशी घेऊन बाया बाहेर येतात आणि त्याच्या पायांवर पाणी ओततात. मुसलमानाच्या घरातून ओततात, कुणब्याच्या, गोंडाच्या घरातूनही ओततात. ह्यांच्या आईनं कधी चुकवलं नाही, आणि आई गेल्यावर ह्यांनी चुकवलं नाही. मला नवससायास पटत नाहीत. शाळेत त्याविरुद्ध भाषणं केली आहेत. पण सवारीला हे कळशी घेऊन उभे राहिले की मी काही बोलत नसे.

मुलगी पुन्हा सांगायला लागली होती. अब्बा, मूर्ती मोठ्या चौथऱ्यावर आहे, चौथऱ्याखाली माणसं आहेत, पडदा सोडला आहे, त्याईचे नुसते पाय दिसते. पुढं लोकं चालून राह्यले, तोंडावर कपडा, डोक्शावर उंच टोप्या, हातात मेणबत्त्या. मला त्या टोप्यांची भीतीच वाटली. मग ती म्हणाली, "काही जन अनवानी आहेत. एकाच्या पायाले तं साखळी आहे. आपल्या समोरून चालला."

साखळीचा आवाज दगडांवरून सरकत येत होता. ह्यांच्या हातात पाण्याची बाटली होती. माझ्या हातातून कोपर कधी सुटला ते मला कळलंच नाही. हे दोन पावलं पुढे गेले, खुर्च्यांच्या मधल्या जागेत वाकले, बिस्मिल्ला म्हणाले आणि सगळी बाटली ओतली.

पाणी साखळीवाल्याच्या पायांवर पडलं नाही. तो हातभर पुढे निघून गेला होता. पाणी पडलं ते खुर्चीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या पायांवर. काळा पोशाख, डोक्यावर काळी जाळी, पायांत चकचकीत बूट. त्या दचकून, डोळे वटारून उभ्या राहिल्या. आजूबाजूचे लोक वळले. हे मात्र सावकाश सरळ झाले, आणि चेहऱ्यावर असं समाधान की मी ते वर्षभरात पाहिलं नव्हतं. माझ्या दिशेनं वळून म्हणाले, "पडलं ना बराबर?"

मुलगी खाली बसली, गळ्यातला स्कार्फ काढून त्या बाईंचे बूट पुसू लागली आणि पुसता पुसता दोन वाक्यं बोलली. बाईंचा चेहरा पाहता पाहता बदलला. त्यांनी ह्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि थोपटला. मला धडकीच भरली. एवढ्या रागाची अशी माया कशी झाली?

"काय सांगतलं तू त्याईले?" मी विचारलं.

"सांगतलं का माह्या वडलाईले दिसत नाई," ती म्हणाली. बस किती वाजता आहे हे सांगावं अशा आवाजात.

आम्ही गर्दीतून मागे येऊन एका दगडी कट्ट्यावर बसलो. मूर्ती समोरून जात होती, सगळे तिकडे पाहत होते, आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ह्यांनीच पहिल्यांदा विचारलं, "कवापासून माईत आहे तुले?"

"मांगच्या मोहरमपासून. फोनवर तुमी माह्याकडं पाहतच नाई, अब्बा. दरवाजाकडं पाहून बोलता."

"मंग विचारलं काऊन नाई?" मी म्हटलं.

ती स्कार्फ पिळत होती. त्यातून पाणी निघायचं केव्हाच थांबलं होतं. "विचारलं असतं तं मले याव लागलं असतं," ती म्हणाली. "अन् मले नाई यायचं, अम्मी. माह्यं काम इथी आहे. ह्या वर्षी सोडलं तं पुन्हा भेटनार नाई."

नगारे लांब गेले. हे हसले, खरोखर हसले. तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, आधी खांदा लागला, मग डोकं. "हेच तं आमाले पायजे होतं बेटा. आमी हेच तं लपवून राह्यलो होतो." त्यांच्या अंगावरचं ओझं उतरलेलं मला शेजारी बसून जाणवत होतं.

माझ्या अंगावरचं काही उतरलं नाही. मी चिडले होते. जिन्यावर केलेला सराव, शेजारणीला मारलेल्या थापा, न्हाणीघरात दार लावून ह्यांच्या डोळ्यांत घातलेले थेंब, हे सगळं आम्ही ती येऊ नये म्हणून केलं होतं. ती येणार नव्हतीच. आम्हाला हवं होतं तेच झालं होतं आणि मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं वाटत होतं. तिनं विचारलं, "मी वाईट आहे का, अम्मी?" मी नाही म्हटलं. पण म्हणायला मला जरा वेळ लागला, आणि तो तिला कळला.

उरलेले दिवस बरे गेले, निदान ह्यांचे तरी. आता लपवायचं काही नव्हतं. बापलेक हातात हात घालून गावभर फिरायचे, ती सांगायची, हे मध्येच अडवून प्रश्न विचारायचे. मी मागून चालायची. कोपर दाबायला मी आता लागत नव्हते.

विमानतळावर हे बाकावर बसले होते तेव्हा तिनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "नजर पूर्ण गेली का मले सांगजो."

मी विचारलं, "मंग येशीन?"

तिनं माझ्या ओढणीची पिन काढली आणि नीट करून पुन्हा लावली. "माईत नाई, अम्मी," ती म्हणाली. लहानपणापासून माझ्याशी खोटं बोलली नाही, तेव्हाही बोलली नाही.

तिची नोकरी कायम झाली. ह्यांनी गल्लीत पेढे वाटले. पावसाळा सरता सरता ह्यांची ती फटही मिटली. एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्यांनी मला विचारलं की दिवस उजाडला का, आणि ऊन तर पार ओट्यावर आलं होतं. आता दर रविवारी तिचा फोन येतो तेव्हा मी ह्यांची हनुवटी धरून तोंड मोबाईलकडे वळवते आणि म्हणते, इथी पाहा. हे नीट पाहून बोलतात. ती विचारते, अब्बा, आता किती दिसते? हे म्हणतात, आहे तेवढंच आहे, बेटा.

फोन ठेवला की हे मला विचारतात, "सांगतलं नाई ना तिले?" मी म्हणते, नाही. त्यांना वाटतं की मी त्यांच्या शपथेपायी गप्प आहे, पोरीचं काही बुडू नये म्हणून. तसं ते समजतात, समजू दे. मी सांगितलं आणि तरीही ती आली नाही, तर ते मला सहन होणार नाही, म्हणून मी सांगत नाही.